काळा पडलेला वॉशर

रविवार, कुंभवली

नखाएवढा तांब्याचा वॉशर समोर ठेवून लिहितेय. पार काळा पडलेला. यानेच आज रडवलं.

बाबांच्या जुन्या डिझेल गाडीचे, इंजिनात डिझेल फवारणारे चारही इंजेक्टर मी स्वतः बदलले. बाबा ओट्यावरून सारखे, "बाय, मिस्त्रीला बोलाव. तुला नाय जमायचं." गाडी सुरू केली तर नुसती फसफस! हरले का मी? पुन्हा खोललं. एका इंजेक्टरच्या भोकात तळाशी हा जुना वॉशर चिकटून राहिलेला, आणि नवा मी त्याच्यावरच बसवलेला; म्हणून इंजेक्टर नीट बसतच नव्हता, फटीतून हवा निसटत होती. खरवडून काढला. मग इंजिन काय सुरेख चाललं!

बाबा शाबास म्हणाले नाहीत. जन्मात कुणाच्या हाती स्टेअरिंग न देणारा माणूस डाव्या सीटवर जाऊन बसला.

"चल बाय, चिंचणीपर्यंत ने मला."