स्पॅनिशच्या वर्गात सगळेच कच्चे

घाटकोपर, रविवार

ती. आई,
मावशीच्या घरातून तुला आणि बाबांना जय भीम.

फोनवर बाबा मध्येच बोलतात आणि अर्धं राहून जातं, म्हणून लिहितेय. ऑफिसने मला स्पॅनिश शिकायला बसवलंय. मावशी म्हणाली, "इंग्रजीनेच तुझी वाट लागली होती, आता हे आणखी काय?"

पण आई, हे झकास जमतंय. जसं लिहिलंय तसंच वाचायचं, बरंचसं आपल्यासारखं. क्रियापदं मात्र छळतात. तरी इंग्रजीपेक्षा सोपं, कारण शेजारी बसणारी कॉन्व्हेंटमधली क्षमाही माझ्याइतकीच चुकते. इंग्रजीत मी तोंड उघडलं की ऐकणारे आधी माझं गाव शोधायचे. इथे सगळे एकाच गावचे, कुणालाच काही येत नाही.

काल वर्गात बाईंनी घरच्यांबद्दल स्पॅनिशमध्ये बोलायला लावलं. माझी आई शाळेत खिचडी शिजवते, असं मी उभी राहून मोठ्याने सांगितलं. उद्या नव्या साहेबांपुढे इंग्रजीत स्वतःची ओळख करून द्यायची आहे. हेच वाक्य बोलणार, तेवढ्याच मोठ्याने.

गुडघे कसे आहेत? बाबांना पत्र वाचून दाखव, पण मध्ये बोलू देऊ नकोस.

तुझीच,
दर्शना