चौथ्या गाण्यातला श्वास

धुळे, शनिवार संध्याकाळ

जळगावहून आत्ताच आलो. काजलच्या अल्बमचं प्रकाशन होतं, हॉल गच्च. ही पोरगी पाच वर्षं माझ्या या, आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गोधड्या लावलेल्या रेकॉर्डिंगच्या खोलीत अहिराणी गाणी गायली. आवाज नको म्हणून पंखा बंद, दोघं घामाने निथळत. अल्बम मात्र मुंबईच्या स्टुडिओत केला. तिथल्या रेकॉर्डिस्टला स्टेजवर शाल. त्याला 'सर' म्हणते. मला दुसऱ्या रांगेत खुर्ची.

चूक शोधायलाच गेलो होतो, खोटं कशाला लिहू? सापडलीही. हॉलमध्ये अल्बम लावला होता; चौथ्या गाण्यात शेवटच्या ओळीआधी तिचा श्वास स्पष्ट ऐकू येतो. माझ्या रेकॉर्डिंगमध्ये असा एक श्वास राहिलेला दाखवा! एकेक शोधून कापायचो मी.

नंतर तिला गाठून म्हटलं, "काजल, चौथ्यात श्वास राहून गेला."

ती हसली. "राही नही गया भाऊ, मुद्दाम ठेयेल शे. तठेच तं लोकं टाळ्या वाजाडतस!"

टाळ्या तिथेच पडल्या होत्या, हे खरं. पण श्वास मुद्दाम ठेवायचं त्या मुंबईवाल्याला सुचलं कसं? अहिराणीचा एक शब्द त्याला कळत नाही. माझ्याकडे तसला माइक असता तर... नाही, माइकचा इथे काय संबंध?

घरी बायकोला ते गाणं ऐकवलं. संपल्यावर एवढंच म्हणाली, "परत लावा."

आता ती स्वयंपाकघरात आहे. मी पुन्हा लावलंय, फक्त ती जागा. नीट ऐकू यावी म्हणून उठून पंखा बंद केला.