मागचं फाटक आणि माझी हत्यारं

मी, खाली सही करणारा, धंद्याने सुतार, राहणार विद्यापीठाच्या मागच्या फाटकाची गल्ली (फाटक आता नाही, पत्ता तोच आहे), लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे. गुडघे ठिकाणावर नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत असं वकीलबाई म्हणाल्या. मला कोणी दमदाटी केलेली नाही, कोणी भरीला घातलेलं नाही आणि सकाळपासून चहाखेरीज मी काही घेतलेलं नाही. याआधी मी लेखी मृत्युपत्र केलेलं नाही. तोंडी बरंच काही बोललो असेन, विशेषतः भांडणात. ते सगळं रद्द समजावं.

हे मी माझ्या हाताने, माझ्या कारखान्यातल्या बाकावर बसून लिहितो आहे. वकीलबाईंनी बजावलं होतं, "काका, कलमं थोडक्यात लिहा. कोर्टाला गोष्टी नको असतात." कोर्टाला नको असतील, पण मागे राहणाऱ्यांना हव्या असतात.

कलम १. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. त्या आमच्या माडीवर भाड्याने राहून शिकल्या. परीक्षेच्या दिवसांत रात्री त्यांचा दिवा जळत असला की आमची ही खालूनच ओरडायची, "अगं पोरी, झोप आता, पुस्तकं काही पळून जात नाहीत!" विद्यापीठाने या गल्लीला काय दिलं असं कोणी विचारलं तर मी आधी त्यांच्याकडे बोट दाखवीन. बाकीचं नंतर सांगेन.

कलम २. कायद्याप्रमाणे दोन साक्षीदार लागतात. पहिला साक्षीदार म्हणून मी माझ्या धाकट्या भावाला नेमतो. कारणही सांगतो. वकीलबाई म्हणाल्या, ज्याला काही मिळणार आहे त्याची साक्ष घेऊ नये, त्याला दिलेलं बाद ठरू शकतं. हे ऐकताक्षणी मला धाकटा आठवला. दादाकडून आपल्याला काडीही मिळणार नाही, हे त्याने आपल्याच सहीने कबूल करावं, याहून चांगली सोय कुठली? वकीलबाईंनी पेनाला टोपण घातलं. मग म्हणाल्या, "काका, हे काही बरं नाही." मी म्हटलं, "बरं नसेल. कायदेशीर आहे ना?"

त्याला आज दुपारी यायचा निरोप धाडला आहे. एकाच घराच्या दोन टोकांना राहतो आम्ही, तरी निरोप झेरॉक्सवाल्यामार्फत धाडावा लागला.

कलम ३. घराचा पुढचा अर्धा भाग, माडीसकट, माझ्या मुलीला द्यावा. मागचा अर्धा भाग धाकट्याचा आहेच, तो वडिलांनी दिला, त्यात माझं काही नाही. मुलगी दूरच्या शहरात शिकवते. तिथेही विद्यापीठच आहे. तिचा विषय हाच, की विद्यापीठ आलं की आसपासच्या गावाचं काय होतं. फोनवर मला समजावते, "बाबा, आत एकाला नोकरी लागली की बाहेर कितीतरी चुली पेटतात." मी म्हणतो, बरोबर आहे बाई, आमच्या पेटल्या होत्या. मी लहान असताना ही गल्ली म्हणजे गुरं बांधायची जागा. विद्यापीठाने मागच्या बाजूला फाटक काढलं आणि दहा घरांच्या दहा खानावळी, लॉज नि दुकानं झाली. ज्यांच्या घरी कधी कोणी पाहुणा आला नाही त्यांच्या माडीवर परगावची पोरं राहायला लागली. आमची मुलगी त्याच फाटकातून चालत जाऊन शिकली, घरचं जेवून. विद्यापीठ दारात नसतं तर मी तिला कुठे धाडली असती? माझी ऐपत नव्हती. म्हणून मी विद्यापीठाला शिव्या घालायला लागलो की मध्येच अडखळतो.

मुलीने घर विकलं तरी माझी हरकत नाही. फक्त विकण्याआधी एकदा राहायला यावं. माडीवरची खिडकी तिची आहे, तिला ठाऊक आहे.

कलम ४. बँकेत जे काही असेल त्यातून माझा अंत्यविधी साधा करावा. कोणाचं भाषण नको. उरलेलं मुलीचं. खानावळवाल्या मावशींना माझं कपाट द्यावं, त्यांनी दोनदा मागितलं आणि दोनदा मी उद्या देतो म्हणालो.

कलम ५. कारखान्यातली टेबलं. याबद्दल सविस्तर लिहावं लागेल.

विद्यार्थ्यांच्या खोल्या म्हणजे काडेपेट्या. त्यात खाट टाकली की चालायला जागा नाही. म्हणून मी भिंतीला लागणारं टेबल बनवलं. बिजागऱ्यांवर वर उचलायचं, अभ्यास झाला की खाली सोडायचं. गल्लीतल्या बहुतेक माड्यांवर माझी टेबलं आहेत. पोरं त्यांवर आपली नावं कोरून जातात, मी दरवर्षी रंधा मारून ती पुसतो. आता वाटतं, पुसायला नको होती.

फाटकसुद्धा मीच केलं होतं. मूळचं लोखंडी गंजून पडलं तेव्हा विद्यापीठाने लाकडी करायचं काम मला दिलं. मोठं फाटक, त्यात माणूस जाईल एवढा छोटा दरवाजा. उन्हाळ्याच्या सुट्टीत फाटक बंद व्हायचं आणि नवं सत्र सुरू झालं की पहिल्या दिवशी सकाळी उघडायचं. गल्लीची घडी यावर बसलेली. सुट्टीत सगळे घराला रंग काढायचे, गाद्या उन्हात टाकायचे, माल भरायचे. मी टेबलं करायचो. आणि किल्ली धाकट्याकडे असायची, कारण तो त्या फाटकाचा पहारेकरी होता. दोघे भाऊ, एक आत, एक बाहेर. लोक म्हणायचे, या घराचं दोन्ही बाजूंनी बरं चाललंय.

फाटक कायमचं बंद झालं त्या वर्षी पहिल्या दिवशी सगळी गल्ली नेहमीप्रमाणे दारात उभी. झेरॉक्सवाल्याने नवं मशीन घेतलेलं, मावशींनी नवी भांडी. माझ्या कारखान्यात तर पाय ठेवायला जागा नव्हती, इतकी टेबलं. धाकटा आला, पण फाटक उघडायला नाही. त्याच्यामागे गवंडी होते, विटांची गाडी होती. त्याने फाटकाला आणखी एक कुलूप लावलं आणि गवंड्यांना भिंत घालायला जागा करून दिली. आत म्हणे नवं वसतिगृह झालं होतं, जेवणघरं झाली होती, सगळी दुकानं महामार्गाकडच्या मोठ्या फाटकाशी. मागची वाट सुरक्षेला धोक्याची. आमच्या तोंडचं पाणी पळालं. मी धाकट्याला हाक मारली. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

त्यानंतर गल्लीचं काय झालं ते मुलीच्या अभ्यासात कुठे बसतं मला माहीत नाही. माड्या रिकाम्या झाल्या. खानावळीतल्या चुली एकेक करून विझल्या. ज्यांना जमलं ते महामार्गाकडे गेले, तिथलं भाडं बघून निम्मे परत आले. दोष कोणाला द्यायचा? विद्यापीठाने आमच्याशी कधी कसला करार केला नव्हता. आम्हीच त्याच्या भरवशावर शेती सोडली, जुने धंदे सोडले, आणि ते कायम आपलंच आहे असं धरून चाललो. चीड येते ती याचीच. पण राग काढायला विद्यापीठ सापडत नाही. ऑफिसात गेलं की हा एका टेबलाकडे पाठवतो, तो दुसऱ्या टेबलाकडे. धाकटा मात्र घरातच होता.

गल्ली त्याच्याशी बोलेनाशी झाली. मी तर सख्खा भाऊ, मी सगळ्यांच्या पुढे. व्हरांड्यात मी मधोमध फळ्यांची भिंत घातली. तीन वर्षांनी ही गेली. शेवटच्या दिवसांत रोज एकच सांगायची, "मी गेल्यावर तरी भाऊजींशी बोला हो." मी हो म्हणायचो. तिला नेताना आम्ही दोघे खांद्याला खांदा लावून चाललो आणि परत येताना दोन दारांनी घरात शिरलो. एवढी साधी गोष्ट मागितली होती तिने.

टेबलं अजून तशीच उभी आहेत, पॉलिश न केलेली. ती गल्लीतल्या शाळेला द्यावीत.

कलम ६. विद्यापीठाला मी काही देत नाही. माझ्या फाटकाची लाकडं त्यांच्या गोदामामागे पावसात पडली आहेत असं ऐकतो. चांगलं सागवान आहे, कोणीतरी आडोशाला ठेवावं. कधी भिंत पाडायची बुद्धी झालीच तर मापं माझ्या बाकाच्या खणात आहेत.

कलम ७. माझी हत्यारं, म्हणजे वडिलांचा मोठा रंधा, दोन करवती, पटाश्या, गिरमिट, गुण्या आणि शिकंजे, विकून

इथे थांबावं लागलं, कारण धाकटा आला.

दारातच उभा राहिला. म्हातारा झालाय. मी त्याला रोज फळ्यांच्या फटीतून बघतो, पण समोरून बघितला नव्हता. म्हणाला, "दादा, कुठं सही करू?"

इतक्या वर्षांनंतरचं त्याचं पहिलं वाक्य हे. मी म्हटलं, "थांब, अजून संपलं नाही. बस."

तो बसला नाही. टेबलांच्या रांगेपाशी गेला आणि एका कडेवरून अंगठा फिरवला. वडील असंच करायचे. आम्हा दोघांत हात त्याचा जास्त चांगला होता, हे वडीलही म्हणायचे आणि मला ते तेव्हा झोंबायचं. पण त्याने पगाराची नोकरी धरली. घरात एक तरी पगार हवा, नाहीतर दोघेही गिऱ्हाइकांच्या तोंडाकडे बघत बसू, असं त्याचं म्हणणं.

"कड मारायची राहिलीय," तो म्हणाला.

मला राहवलं नाही. म्हटलं, "राहिलीय. सगळंच राहिलंय. तुला आधी ठाऊक होतं ना? सबंध सुट्टीभर ठाऊक होतं. भावाला एका शब्दानं सांगता आलं नाही तुला?"

"सांगितलं होतं."

"कधी रे?"

"इथंच. याच बाकावर बसलो होतो मी. तुझी टेबलं बघून म्हटलं, दादा, यंदा एवढी कशाला करतोस? जरा थांब की."

"एवढ्यावरनं माणसानं काय समजायचं?"

"त्याच्याहून जास्त बोललो असतो तर नोकरी गेली असती. कागदावर सही घेतली होती आमची, बाहेर बोलायचं नाही म्हणून. मला वाटलं, तू विचारशील, का रे बाबा? तू विचारलं असतंस तर सांगून टाकलं असतं. गेली असती नोकरी तर गेली असती."

"मग मी काय म्हणालो?"

तो टेबलाकडेच बघत होता. "तू म्हणालास, पगारी माणसाला धंद्यातलं काय कळतंय. आणि हसलास. वहिनीपण हसली. मग मी चहा पिऊन गेलो."

मला आठवलं. शपथेवर लिहितो, त्या क्षणापर्यंत मला ते आठवत नव्हतं. चहाचा कप त्याने अर्धाच ठेवला होता आणि ही म्हणाली होती, भाऊजींचं आज काहीतरी बिनसलंय. मी म्हटलं, बिनसू दे, मला बिजागऱ्या लावायच्यात. मला फक्त दोन शब्द विचारायचे होते, का रे?

माफी मागायची आम्हाला दोघांनाही सवय नाही. शेवटी पेन उचललं.

कलम ७, नव्याने. वरील अर्धं वाक्य रद्द. माझी सर्व हत्यारं, घराशेजारचा कारखाना आणि त्यातलं बाक माझ्या धाकट्या भावाला द्यावं. वडिलांचा रंधा आधीच त्याच्या हातात गेला आहे, मी लिहीत असताना तो एका टेबलाची कड मारतो आहे आणि भुसा माझ्या कागदावर उडवतो आहे. कलम ५ मधली टेबलं त्याने पुरी करून मगच शाळेला द्यावीत.

हे मी त्याला वाचून दाखवलं. तो चिडला. "मला काही नको दादा. मी सही करायला आलोय, सही करू दे."

"नाही करायची. तू सही केलीस तर तुला दिलेलं बाद होतं."

"होऊ दे की बाद!"

"गप बस. थोरला मी आहे का तू?"

कलम ८. व्हरांड्यातली फळ्यांची भिंत काढावी. कारागिराला सांगून ठेवतो, ती तोडू नये. एकही खिळा मारलेला नाही, सगळी स्क्रूंवर बसवलेली आहे. तेव्हा रागात होतो तरी खिळे का मारले नाहीत, मला आजही सांगता येत नाही. मी मेल्यावर काढावी असं आधी मनात होतं. त्याची आता गरज नाही, धाकटा दोन साक्षीदार बोलवायला गेला आहे आणि येताना स्क्रू-ड्रायव्हर आणतो म्हणाला आहे.

वर लिहिलेलं सगळं मी वाचून, समजून, कोणाच्याही आग्रहाशिवाय लिहिलं आहे. एकाने आग्रह केला, तो मी मानला नाही.

स्थळ: मागच्या फाटकाची गल्ली, कारखान्यातलं बाक.
दिनांक: विद्यापीठाचं नवं सत्र उद्या सुरू होतं, त्याचा आदला दिवस.

सही: थोरला मिस्त्री

आमच्यादेखत सही केली:

साक्षीदार पहिला: ~~धाकटा भाऊ~~ झेरॉक्सवाला
साक्षीदार दुसरा: सायकल दुरुस्तीवाले, गल्लीच्या तोंडाशी

टीप: कलम २ रद्द. पहिल्या साक्षीदाराचं नाव मीच खोडलं आहे. कागदावर एवढी एकच खोडाखोड आहे, ती शुद्धीवर असताना केली आहे आणि तिच्याशेजारी मी वेगळी सही करतो.