आईच्या खिडकीखालचं इंजिन

ती. ताईस,

नमस्कार. तो पूर्ण वाकून केला आहे असं समज. कंबर धरल्यामुळे प्रत्यक्षात मी अर्ध्यावरच थांबलो आहे. तुझा गुडघा, भावजींचा खोकला आणि मुलांच्या परीक्षा, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. इकडे सर्व ठीक असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो, पण ठीक काहीही नाही. गावात पवनचक्क्या यायच्या आहेत, निम्मं गाव उरलेल्या निम्म्याशी बोलत नाही, आणि या भांडणाच्या मधोमध आपली आई बसली आहे.

त्याचं असं झालं की टेकडीवरची जमीन आईच्या नावावर, ती एकटी राहते तेही तिथंच, आणि वारा नेमका तिथंच सगळ्यांत जास्त. कंपनीच्या इंजिनिअरने (काटकुळा, नम्र पोरगा आहे, बोलताना एक हात कायम टोपीवर) सांगून टाकलं की पहिली चक्की तिथं उभी राहिली तर बाकीच्या, नाहीतर सगळंच बारगळलं. म्हणजे गावाचं होय की नाही, ते आईच्या हातात. होकारवाल्यांना शाळेचं नवं छप्पर आणि पक्का रस्ता दिसतो. नकारवाल्यांना पात्यांच्या सावलीतली पिकं, आटलेल्या गाई आणि उडालेली झोप दिसते. मी नकारवाल्यांचा चिटणीस आहे. (दोन्ही बाजूंच्या फलकांना लागणारा रंग माझ्याच दुकानातून जातो, पण तो धंदा झाला. तत्त्वाची गोष्ट वेगळी.)

माझा मुख्य मुद्दा होता आईची झोप. बाबा गेल्यापासून ती धड झोपलेली नाही, हे तुला ठाऊकच आहे. खाली माझ्याकडे राहायला ये म्हटलं की "बघू" म्हणते आणि दुसरा विषय काढते. शाळेच्या ओसरीवर मी भाषण केलं की जिचा जोडीदार गेला, तिची उरलीसुरली झोपही तुम्ही काढून घेणार का? लोकांचे डोळे पाणावले. (बायको म्हणते, माझ्या भाषणाला पहिला रडणारा नेहमी मीच असतो.) मात्र स्वतः आईला काय हवंय ते मी विचारलं नाही. ती लहानपणापासून ओळखीची असल्यामुळे ते माझ्या डोक्यातच आलं नाही.

इंजिनिअर म्हणाला, चक्कीचा आवाज घरातल्या फ्रिजपेक्षा जास्त येणार नाही. त्यावर कुणाचा विश्वास बसेना. तेव्हा आमच्या बाजूचे अध्यक्ष, म्हणजे दूधवाले, यांनी तोडगा काढला. त्यांचं पाणी उपसायचं डिझेल इंजिन आईच्या खिडकीखाली ठेवायचं, दुपारभर चालवायचं, आणि दोन्ही बाजूंनी आईच्या खोलीत बसून माणूस तिथं राहू शकतो का ते प्रत्यक्षच बघायचं. या इंजिनाचा आणि पवनचक्कीचा काडीचाही संबंध नाही, असं तो पोरगा परोपरीने सांगत होता. ठराव एकमताने मंजूर झाला. (या वर्षातलं गावाचं हे पहिलं एकमत.) डिझेलचा डबा मी स्वतः टेकडीवर वाहून नेला. कंबर धरली ती तेव्हा.

खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. कुणी खाटेवर, कुणी ट्रंकेवर, कुणी उंबऱ्यात. आईने सगळ्यांना चहा दिला आणि आपला कप घेऊन खिडकीपाशी खुर्चीत बसली. इंजिन सुरू झालं तशी फळीवरची भांडी थडथडायला लागली, बाबांचा फोटो भिंतीवर तिरका झाला. होकारवाल्यांचे म्होरके, आपले शिंपी, दोन्ही कानांत बोटं घालून बसले. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! आता आईच्या चेहऱ्यावरचा त्रास सगळ्यांना दाखवावा म्हणून मी तिच्याकडे वळलो, तर आई झोपलेली.

डोकं खिडकीच्या चौकटीला टेकलेलं, तोंड जरासं उघडं, हातातला कप कलंडायला आलेला. शिंप्यांनी कानांतली बोटं काढून तो कप हळूच सोडवून घेतला. ताई, इतका निवांत चेहरा बाबा गेल्यापासून मी पाहिला नव्हता. मग कुणीच उठेना. एवढ्या गदारोळात सगळे पाय न वाजवता बसून राहिले. शेवटी डिझेल संपलं, इंजिन आचके देत थांबलं, आणि त्या शांततेने आई दचकून जागी झाली. म्हणाली, "का रे बंद केलंत? घरात कुणीतरी आहेसं वाटत होतं."

दूधवाले खाली बघायला लागले. माझ्या खिशात भाषण होतं, ते खिशातच राहिलं. सावरले फक्त शिंपी. म्हणाले, "काकू, चक्की आली की रोज अशीच झोप!" त्यावर त्या इंजिनिअरने (प्रामाणिकपणा हा एक आजारच आहे) खुलासा केला की काकू, आमच्या चक्कीचा एवढा आवाज नसतो, मुद्दाम कान द्यावा लागेल. आई म्हणाली, "मग मला काय उपयोग तिचा?" सभा तिथंच मोडली. दोन्ही बाजू एकाच वेळी हरलेल्या मी प्रथमच पाहिल्या.

आईच्या कानावर आवाज पडू नये म्हणून मी गावाशी भांडत होतो, आणि तिच्या कानावर तर काहीच पडत नव्हतं. रविवारी जायचं, औषध आहे ना विचारायचं, टेकल्यासारखं करून उठायचं, ही माझी भेट. मला फार वाईट वाटलं आणि अजून वाटतं आहे.

भावजींना नमस्कार, मुलांना त्यांना जे काही हवं असेल ते.

तुझा धाकटा भाऊ
(चिटणीसपदाचा राजीनामा दिला आहे.)

ता. क. आईने अजून होय म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. "विचार करतेय," म्हणते. त्यामुळे तिचं मन वळवायला सकाळी शिंपी चढतात, दुपारी दूधवाले, आणि संध्याकाळी तो इंजिनिअर आधीच मोजलेला वारा पुन्हा मोजायला येतो. चहाची पूड मी दुप्पट पोचवतो आहे. मला एकट्याला तिने सांगितलं की शाळेचं छप्पर झालंच पाहिजे, होयच म्हणायचं आहे, पण घाई काय आहे? हे तुझ्यापाशीच ठेव.

आणखी एक ता. क. खरं पत्र यासाठी लिहिलं. मी हल्ली झोपायला आईकडे जातो. (माझी वळकटी बायकोने संशय यावा इतक्या उत्साहाने बांधून दिली.) कारण मी घोरतो. पहिल्याच सकाळी आई उन्हं वर आल्यावर उठली आणि म्हणाली, अगदी ह्यांच्यासारखा घोरतोस रे. मग आम्ही दोघं थोडं रडलो. पण आता माल आणायला मला बाहेरगावी जावं लागणार आहे, आणि बायको झोपते ती चिडीचूप, तिचा काही उपयोग नाही. तेव्हा तू महिनाभर ये. मी येऊन काय करू, असं विचारू नकोस. या बाबतीत तू माझ्यापेक्षा वरचढ आहेस, हे भावजींनी मला केव्हाच विश्वासात घेऊन सांगितलं आहे. त्यांच्यावर रागावू नकोस, आणि नाही म्हणू नकोस. तू येणार म्हणून आईला सांगून बसलो आहे, आणि तिने तुझी गादी आजच आपल्या खाटेला अगदी लागून घातली आहे.