उडी शिल्लक होती का

गुरुजी, माझा तुमच्यावर संशय आहे. तुम्ही गेलात तेव्हा आपलं हिंगोली अजून परभणी जिल्ह्यातच होतं, म्हणजे संशय घ्यायला मी भलताच उशीर केला. तसा मी जन्माचा संशयी, हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक नाही. पुढाऱ्याने भूमिपूजनाचा नारळ फोडला की पुढच्या आठवड्यात मी तिथे खड्डा खणलाय का ते बघून येतो आणि नसेल खणला तर त्यावर तासभर बोलतो. अंगारे देणाऱ्या बाबांनी माझं नाव ऐकून मुक्काम हलवलेत. सगळ्यांवर संशय घेतला, फक्त एका रविवारच्या दुपारवर कधी घेतला नाही. आता तिच्यातच पाय अडकलाय.

टेलर मास्तरांचं दुकान आठवतं ना? रविवारी मशीन बंद, आणि कापड बेतायच्या मोठ्या टेबलावर शिलाईच्या चपट्या खडूने आखलेला बुद्धिबळाचा पट. दर रविवारी मास्तर तो नव्याने आखायचे, कारण आठवडाभरात विजारी आणि झंपर त्याला पुसून टाकायचे. तुम्ही शाळेतून निवृत्त झालेले, मी कॉलेजात नुकताच चिकटलेला, आणि चौथे कंडक्टर, वाशीम गाडीवरून उतरून तसेच खाकीत आलेले, तिकिटाची पेटी स्टुलाखाली सरकवून बसणारे. खेळ कमी, बोलणं जास्त. औंदा कापूस कसा आहे, लाईट कधी येणार, कोणाच्या पोरीला कोण बघायला आलं, आणि त्यातच नियमांची भांडणं. मी औरंगाबादला शिकून आलो होतो आणि येताना आंतरराष्ट्रीय नियम घेऊन आलो होतो. प्यादं पहिल्यांदा दोन घरं चालतं, राजाला किल्लेकोट करता येतो, सारं जग असंच खेळतं, असं मी टेबलावर हात आपटून सांगत होतो.

"जग खेळू दे की," तुम्ही म्हणालात. "आपलं प्यादं पायी चालतं. दोन घरं जायला त्याला काय एसटी लागली?"

"लागली तरी थांबत न्हाई ती," मास्तर म्हणाले. "इचारा कंडक्टरला."

"हात दावला तर थांबतो आमी," कंडक्टर पटावरची नजर न काढता म्हणाले. "तुमी बिडी दावता."

मी हरलो आणि देशी नियमांनीच खेळायला लागलो. हळूहळू ते मला आवडायलाही लागले, विशेषतः बुर्जी. समोरच्याचा राजा एकटा उरला, सोबतीला एक प्यादंसुद्धा नसलं, की डाव बुर्जी. कोणी जिंकलं नाही, कोणी हरलं नाही. म्हणजे जिंकणाऱ्यालाच जपून राहावं लागतं. समोरच्याचं शेवटचं मोहरं जिवंत ठेवून मात करायची. हावरटपणाने तेही मारलं की हातातला डाव गेला. नवशिके ही चूक हमखास करतात. आणि तुम्ही, हिंगोली-वसमतपर्यंत ज्यांच्यासमोर कोणी बसायला धजत नसे, ते कंडक्टरांबरोबर खेळताना दर वेळी ही चूक करायचे.

कंडक्टरांची बायको एका उन्हाळ्यात वारली. त्यानंतर मास्तरांनी एकदा त्यांना सडकून मात दिली, तर ते पेटी उचलून गेले आणि कितीतरी रविवार फिरकलेच नाहीत. तुम्ही स्टँडवर जाऊन त्यांना घेऊन आलात, आणि तेव्हापासून बुर्जी सुरू झाल्या. तुमचा हत्ती मात द्यायच्या घरात उभा असायचा, मला तो दिसायचा, मास्तरांना दिसायचा. आणि तुम्ही चष्मा पुसत त्यांचं ते शेवटचं प्यादं मारायचात. "अरेच्चा. झाली की बुर्जी."

एकदा मला राहवलं नाही. कंडक्टर चहा सांगायला बाहेर गेले होते.

"गुरुजी, तुम्ही खोटं खेळता."

"प्यादं मारायला मनाई आहे का नियमात?"

"नाही, पण..."

"मग तुला काहून तकलीफ होऊन राहिली?"

मास्तर दात काढून हसत होते. आजही मला वाटतं की माझं बरोबर होतं. खेळात दया आली की तो खेळ राहत नाही, हे मी तेव्हा म्हणालो होतो आणि आजही माईकवर म्हणेन.

मग जवळा बाजार गावातलं ते. बाजाराच्या दिवशी मी पहिल्यांदा जाहीर बोलायला उभा राहिलो. अंगारे विकणाऱ्या एका बाबाविरुद्ध बोललो. दोन वाक्यं झाली असतील, माईक हिसकावला गेला, कोणीतरी माझी टोपी उडवली, आणि कापसाच्या गाड्यांवर बसलेली माणसं खो खो हसली. मार लागला असता तर बरं झालं असतं. त्या हसण्याने मी खचलो. तुम्हाला येऊन सांगितलं की हे आपलं काम नाही, मुकाट्याने तास घेईन आणि घरी जाईन. तुम्ही मोहरी मांडायला लागलात.

त्या दुपारी मी तुम्हाला हरवलं. तेही प्यादीमात. राजाला प्याद्याने मात, याहून मोठा मान आपल्या खेळात नाही. मास्तर बंद मशीनमागून उठून आले, कंडक्टर स्टुलावर उभे राहिले. तुम्ही पटाकडे बघत बसलात आणि "बराबर" एवढंच म्हणालात. पुढच्याच बाजारी मी त्याच जागी, त्याच गाड्यांसमोर जाऊन उभा राहिलो आणि बोललो. तिथून पुढचं सगळं त्या एका डावावर उभं आहे. ज्याने गुरुजींना मात दिली त्याला माईक ओढणारे काय हरवणार, असं मी स्वतःला सांगत आलो आणि नंतर सभेतही सांगायला लागलो. लोकांना ती गोष्ट आवडते. प्यादं, राजा, टाळ्या.

गेल्या वर्षी नरसीच्या सभेत मी ती सांगत होतो. ओळीच्या कडेला बसलेला एक म्हातारा हात वर न करताच बोलला, "राजाची उडी खर्च झाली व्हती का?"

देशी खेळात राजाला घोड्यासारखी अडीच घरांची एक उडी असते, डावात एकदाच, आणि तोवर त्याला एकही शह बसलेला नसेल तरच. तुमच्याकडे ती शिल्लक असती, तर माझं प्यादं येण्याआधीच तुम्ही सहज निसटला असता. शिल्लक असून तुम्ही ती विसराल? मी विषय बदलला आणि भाषण उरकलं. घरी येताना जीपमध्ये तुमचा तो पुसला जाणारा चष्माच दिसत होता. त्या दुपारी तुम्ही चष्मा पुसला होता का, हे आठवायचा मी प्रयत्न करत होतो.

मास्तर आता नाहीत. म्हणून कनेरगाव नाक्याला गेलो. कंडक्टर तिथे मुलाच्या ढाब्यावर बाजेवर बसलेले असतात. आधी इकडचं तिकडचं झालं, सोयाबीन, गुडघे. मग मी त्यांच्या बुर्जींचं विचारलं.

"मले ठाऊक व्हतं की," ते म्हणाले. "गुर्जी मारायचे म्हणून मीच तर शेवटचं प्यादं तोंडात नेऊन ठेवायचो. त्यायला बी बरं वाटे."

इतकी वर्षं मी एकालाच खोटं खेळणारा समजत होतो, दोघे सामील निघाले. आणि मग मी माझ्या डावाचं विचारलं. उडी शिल्लक होती का?

"छ्या. तू शह दिलता ना आधी, उंटानं. तवाच गेली उडी." ते फटकन बोलले. विचार करायलासुद्धा थांबले नाहीत. "काहून इचारून राहिला आता? आठवंना का तुले?"

गुरुजी, ज्या माणसाने वर्षानुवर्षं तुमच्यासमोर मुद्दाम प्यादं नेऊन ठेवलं, त्याच्या या उंटावर मी कसा विश्वास ठेवू? तो डाव माझ्या डोक्यात आहे. हत्ती कुठून आला, घोडा कधी पडला, सगळं आहे. ते पोराला चहा सांगून माझ्या तोंडाकडे बघत होते, माझ्या उत्तराची वाट बघत होते.

मी म्हणालो, "व्हय की. आठवलं." उंटाचा शह काही मला आठवला नव्हता.