बनियनच्या आतला खळगा

॥ श्री कुलस्वामिनी प्रसन्न ॥

मी रत्नाकर विष्णू टाकळकर, वय अठ्ठ्याहत्तर, निवृत्त फिटर, राहणार देवास, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही दडपणाला न जुमानता हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. वकील उमाशंकर भिया म्हणाले, "नाना, वसीयत में घर की बातें नहीं लिखते." आम्ही लिहितो.

१. राहतं घर माझ्या पश्चात सूनबाई उर्वशीचं, एकटीचं. कारण लिहितो. नात ईशानीच्या छातीत जन्मापासून मधोमध खळगा आहे. "आईनं बाळाला नीट मालीश केली नाही," असं माझी पत्नी कै. माई सर्वांना सांगे. उर्वशी निमूट ऐकत आली. पण तस्साच खळगा माझ्याही छातीत आहे. जानवंसुद्धा मी बनियनच्या आतून बदलत आलो. माईला ठाऊक होतं. दोघंही गप्प बसलो, याची मला लाज वाटते.

२. ईशानी आता पंधराची. देवीची टेकडी चढताना निम्म्यातच धापा टाकते. इंदूरचे डॉक्टर म्हणतात, ऑपरेशनला हेच वय योग्य. दोन्ही कुशींत लहान छेद घेऊन छातीच्या हाडामागे वाकवलेली स्टीलची पट्टी बसवायची, दोन-तीन वर्षांनी काढायची. पट्टी मी हातात घेऊन पाहिली. उभा जन्म लोखंड वाकवण्यात गेला. काम चोख आहे. चिरंजीव धीरज म्हणतो, "व्रण राहतील, लग्नाला अडचण." अरे शहाण्या, आधी श्वास, मग लग्न! पोरीनं माझ्या मरणाची वाट का पाहावी? ऑपरेशनसाठी बँकेतली ठेव कालच मोडली.

३. पान्हे, कानशी, मायक्रोमीटर धीरजला. शेजारी मानसिंगराव यांनी २०११ साली नेलेलं ड्रिल मशीन परत आलं, तर तेही. येणार नाही.

४. शेवटच्या आंघोळीला माझं बनियन काढावं. उर्वशीला बोल लावणाऱ्या प्रत्येकाला पुढे बोलावून खळगा दाखवावा.

पुरवणी : कलम चारला इतका उशीर कशाला, म्हणून वरील मजकूर आज सर्वांसमोर उघड्या अंगानं वाचला. उर्वशी म्हणाली, "नाना, पंधरा वर्षं!" आणि आत निघून गेली. मागोमाग जाऊन माफी मागितली. अजून मिळालेली नाही. तिचा हक्क आहे. धीरजनं डॉक्टरांचा संमतीचा कागद दोनदा वाचला आणि सही केली. ईशानीनं माझ्या खळग्यात बोट टेकवलं. "आजोबा, सेम टू सेम!"

सबब कलम चार रद्द.

सही : र. वि. टाकळकर
साक्षीदार : १. उमाशंकर दुबे, वकील
२. मानसिंगराव शेळके (ड्रिल उद्या आणतो म्हणाले)
देवास, १४ डिसेंबर २०२५