माझ्या नावाचा परवाना

जुन्नर, माघ वद्य पंचमी, शके १८२८

प्रिय सावळेराम,

हे माझंच नाव मी तुला लिहितो आहे, जानकू. दुसरं लिहिलं तर मोंबासाच्या रेल्वेत हे पत्र तुझ्या हाती कोणी देणार नाही. अक्षरं तुला मीच शिकवली आहेत, तेव्हा सावकाश वाच. कोणाकडून वाचून घेऊ नकोस.

तुझं पत्र पोहोचलं. पावणेतीन वर्षांतलं पहिलं, आणि त्यात काय, तर "भाकरी कराया माणूस न्हाई, गोजरीला धाड, कागद तू बराबर करशील." घरी कोण जिवंत आहे हे विचारायला जागा उरली नसावी. कागद मी बरोबर करतो, हे मात्र खरं. तेव्हाही केले होते. चौथी शिकलेल्याला तिकडे आफ्रिकेत मुकादमी मिळते म्हणून महिनाभर घाटघर ते जुन्नर खेटे घातले. शाळेचा दाखला, पोलीस पाटलाचा चालचलणुकीचा, देवी टोचल्याचा. परवान्यावर माझं नाव, बापाचं नाव, गाव, वय, उंची आणि खूण म्हणून 'उजव्या मनगटावर भाजल्याचा डाग'. समुद्राची धास्ती म्हणून जुन्नरच्या पुखराजशेठमार्फत आयुष्याचा विमाही उतरवला. शेठ म्हणाले, "सावळेराम, बोट बुडायच्या आधी तूच काळजीनं बुडशील." सगळे कागद मेणकापडात बांधले आणि मुंबईपर्यंत पोहोचवायला आलेल्या मित्राच्या, म्हणजे तुझ्या, उशाशी ठेवले.

मला आला तो साधा हिवताप होता. प्लेगच्या दिवसांत ताप म्हटला की माणसाला उचलून नेतात, हे तुला ठाऊक होतं. तपासनिसाला तूच बोलावून आणलंस. अकरा दिवस मी प्लेगच्या छपराखाली मरणाऱ्यांच्या शेजारी पडून होतो. तेवढ्यात तू निखाऱ्यानं स्वतःचं मनगट भाजून घेतलंस आणि माझ्या नावानं बोटीवर चढलास. खाचराचा बांध घालायला सांगितला की ज्याची पाठ धरायची, त्याच्यात एवढी चिकाटी कुठून आली, याचं मला अजून नवल वाटतं.

विम्याचं तर हसू येतं. डॉक्टरांनी तपासली ती छाती माझी, समुद्रापार गेलं ते नुसतं नाव. तू तिकडे मेलास तर पैसे माझ्या आईला. मी इकडे मेलो तर कंपनी विचारणार, हा कोण? दोन वर्षं हप्ता भरला, औंदा बंद केला. तुझ्या जिवाची तेवढीही किंमत मला पटेना.

तक्रार केली नाही, कारण तुझी आई बायडाबाई माझ्या पाया पडली. ती गेल्या श्रावणात वारली. तू विचारलं नाहीस, तरी कळवतो. अग्नी तुझ्या चुलत्यानं, भिकानं दिला. तुझ्या बायकोनं, गोजरबाईनं, एकटीनं भात लावला, वरई काढली. बाजारचं मीठ-तेल तेवढं मी जुन्नरहून वर घाटघरला पोहोचवत होतो.

तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बोलावलंय तर जायाचंच की, भाऊजी. करा कागद." म्हणून केले, तुझ्यासाठी नव्हे. बायकोला बोटीत घ्यायचं तर ती त्याच माणसाची बायको असल्याचा मामलेदार कचेरीचा दाखला लागतो. आणि रेल्वेच्या दप्तरात तो माणूस सावळेराम. भिका तिला घेऊन कचेरीत गेला, मी बाहेर खिडकीखाली उभा राहिलो. कारकुनानं विचारलं, "बाई, नवऱ्याचं नाव?" आणि तिनं खळ्यावरून हाक मारावी तसं सांगितलं, "सावळेराम!"

कारकुनानं टाकच खाली ठेवला. "पंधरा वर्षं झाली मला इथं. नवऱ्याचं नाव असं ठणकावून घेणारी बाई पाहिली नाही. हा तुमचा नवरा की गडी, हो?" भिका म्हणाला, "लई वरीस झाली त्याला जाऊन, रावसाहेब, लाज मोडली तिची." पण कारकुनाला पटलं नाही. पंधरा दिवसांनी या, म्हणाला. एवढा अर्ज मी तीनदा तपासला होता, आणि लाजायचं कलम माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

मग मी तिला शिकवायला घाटघरला जाऊ लागलो. मान खाली घालायची, पदर पुढं ओढायचा, तिसऱ्यांदा विचारल्यावर हळूच सांगायचं. पहिल्या दिवशी ती हसून हसून खाली बसली. "तुमचं नाव घ्यायला मी कशापायी लाजू, भाऊजी?" चौथ्या दिवशी हसली नाही. नवव्या दिवशी मी विचारलं, तर गप्प. पुन्हा विचारलं, तर म्हणाली, "आता पुरं करा," आणि पाणी आणायला गेली. त्या दिवसापासून ती मला भाऊजी म्हणत नाही. काहीच म्हणत नाही, "अहो" म्हणते.

परवा कचेरीत कारकुनानं तीनदा विचारलं. तिच्या तोंडून शब्द निघाला नाही. मानेपर्यंत लाल झाली. शेवटी भिकानं नाव सांगितलं. कारकून म्हणाला, "हां, आता पटलं," आणि शिक्का मारला. दाखला माझ्यापुढे आहे: 'गोजरबाई, सावळेराम हौशीराम याची बायको.' एकही चूक नाही. तो मी तिकडे पाठवणार नाही. इथेच लागणार आहे.

पंचांचं म्हणणं, सोडचिठ्ठीशिवाय आमचा पाट लागणार नाही. मसुदा सोबत जोडला आहे. तुझ्या खऱ्या नावानं सही कर आणि परतीच्या टपालानं पाठव. आषाढापर्यंत आली नाही, तर तुझ्या साहेबाला मी कळवीन की सावळेरामच्या मनगटावरचा खरा डाग वयाच्या सातव्या वर्षी पडलेला आहे, आणि तो जुन्नरला आहे. माझं नाव तिकडे वापर हवं तर. इकडे आता ते कोणी घेत नाही.

मसुद्यात तुझं नाव घालताना मी थबकलो होतो. गोजरबाई चुलीपाशी होती. तिला विचारलं, सोडणाऱ्याचं नाव काय लिहू? तिनं मान वर करून सांगितलं, "जानकू." खणखणीत, पलीकडच्या खळ्यावर ऐकू जाईल असं.

तू ज्याच्या नावानं जेवतोस तो,
तुझाच
सावळेराम